कर्ज न काढता फ्लॅट घेताना: कागदपत्रं आणि मालकी हस्तांतरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न महाराष्ट्रात, बँकेचं कर्ज न घेता, स्वतःच्या पैशांनी घर घेणाऱ्यांचे आहेत. मुख्य भर सोसायटीतल्या पुनर्विक्रीच्या फ्लॅटवर आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात. आयकराच्या कलमांबद्दल एक खुलासा आधीच करतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण वकील आणि सीए अजून जुन्याच क्रमांकांनी बोलतात, म्हणून इथेही तेच वापरले आहेत.

कर्ज नाही, बँक नाही. मग व्यवहार सोपाच झाला ना?

लवकर होतो, सोपा होत नाही. कर्ज घेणाऱ्याच्या फाइलवर बँकेचा वकील टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासतो, मूल्यांकन करणारा फ्लॅट पाहून जातो, आणि एखादा जुना करारनामा कमी असला तर बँक पैसे अडवून धरते. बँक हे स्वतःच्या पैशांसाठी करते, पण त्याचा फायदा घेणाऱ्याला आपोआप मिळतो. तुमच्या व्यवहारात ही तपासणी करायला कुणीच नाही. एजंटला दलाली नोंदणी झाल्यावर मिळते आणि विक्रेत्याला घाई असते. तेव्हा स्वतःचा वकील लावा. विक्रेत्याचा नको, एजंटने 'आपलाच माणूस आहे' म्हणून सुचवलेलाही नको. व्याज वाचलं आहे, त्यातले काही हजार इथे गेले तर बिघडत नाही.

पैसे नोटांच्या स्वरूपात दिले तर चालतं का?

नाही. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यावर १ जून २०१५ पासून बंदी आहे. कलम २६९एसएस. टोकन, विसार, उरलेली रक्कम, सगळं यात येतं, आणि पुढे व्यवहार मोडला तरी बंदी लागूच राहते. दंड जेवढी रोकड घेतली तेवढाच, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे विक्रेत्याला. शिवाय २ लाख किंवा त्याहून जास्त रोख कुठल्याही कारणाने स्वीकारायची नाही, हा वेगळा नियम १ एप्रिल २०१७ पासून आहे.

दंड विक्रेत्याला, मग आपल्याला काय, असं म्हणून चालणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे निर्देश दिले की मालमत्तेच्या दाव्यात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख दिल्याचा उल्लेख आला, तर कोर्टाने ते आयकर विभागाला कळवायचं. म्हणजे उद्या भांडण झालं आणि 'मी रोख दिले होते' असं सांगायला तुम्ही कोर्टात गेलात, तर पहिली चौकशी तुमची स्वतःचीच सुरू होऊ शकते.

चेक, डीडी, आरटीजीएस, एनईएफटी, एवढंच वापरा, तेही तुमच्या खात्यातून विक्रेत्याच्या खात्यात. 'माझ्या मेहुण्याच्या खात्यात टाका' असं म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा.

विक्रेता म्हणतो करारात ४५ लाख दाखवू, वरचे १५ वेगळे द्या. स्टॅम्प ड्युटी पण वाचेल. काय करू?

दुसरा फ्लॅट बघा. ड्युटी बहुतेक वेळा वाचतही नाही, कारण ती करारातली किंमत आणि रेडी रेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रकाप्रमाणे) येणारं बाजारमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. किंमत रेकनरपेक्षा फार खाली दाखवली तर आयकराचं कलम ५६ उभं राहतं. समजा करारात ५० लाख आणि रेकनरप्रमाणे ५८ लाख. फरक ८ लाखांचा, म्हणजे ५० हजारांपेक्षाही जास्त आणि किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षाही जास्त. मग हे सगळे ८ लाख तुमचं उत्पन्न धरून त्यावर तुम्हालाच कर. पुढे तुम्ही घर विकाल तेव्हा खरेदी किंमत कागदावर कमी असल्याने भांडवली नफा फुगलेला दिसेल तो वेगळाच. आणि व्यवहार रद्द झाला तर वरचे १५ लाख परत मागायला कागद कुठला दाखवणार?

रेकनरचा दर त्या इमारतीला खरोखरच जास्त असेल, तर दस्त नोंदवण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे योग्य शुल्क ठरवून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. वेळ लागतो, पण मार्ग कायदेशीर आहे.

टोकन देण्याआधी कोणते कागद बघायचे?

बिल्डरने पहिल्या मालकाला लिहून दिलेल्या करारनाम्यापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतची अख्खी साखळी. मधला प्रत्येक करार नोंदणीकृत हवा आणि प्रत्येकाची सूची क्रमांक २, म्हणजे सगळे म्हणतात ती इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश), सोबत हवी. सोसायटीने सभासदाला दिलेलं शेअर सर्टिफिकेट पाठीमागे उलटून पाहा. हस्तांतरणाच्या नोंदी तिथे असतात, आणि शेवटचं नाव विक्रेत्याचंच असायला हवं. त्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, मालमत्ता कराची आणि विजेची शेवटची बिलं, सोसायटीची देणी नसल्याचा दाखला.

नावांची स्पेलिंगं आधार आणि पॅनशी ताडून बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या विक्रेत्या असतील तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र आत्ताच मागून ठेवा. दुय्यम निबंधकाच्या टेबलापाशी उभं राहून ते शोधण्यात मजा नाही.

जमीन सरकारी भाडेपट्ट्याची किंवा भोगवटादार वर्ग २ ची (हस्तांतरणावर सरकारी बंधनं असलेली) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागू शकते. सोसायटी पंचवीस वर्षं जुनी असली म्हणून हा प्रश्न सुटलेला असतो असं नाही. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, त्यावर दिसतं.

सर्च रिपोर्ट म्हणजे नेमकं काय?

वकील दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची तपासून मिळकतीवर मागच्या ३० वर्षांत कोणते दस्त नोंदले गेले ते पाहतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुम्ही स्वतःही प्राथमिक शोध घेऊ शकता आणि घ्यावाच. पण बोजा केवळ त्यात दिसेल असं धरू नका. मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना, जिला नोटीस ऑफ इंटिमेशन म्हणतात, ती महाराष्ट्रात २०१३ पासून नोंदवावी लागते. त्याआधीच्या गहाणांसाठी सरसाईच्या (गहाणांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) नोंदवहीत वेगळा शोध घ्यायला सांगा. शुल्क किरकोळ आहे.

वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्या, साधारण १४ दिवसांच्या मुदतीची. विक्रेते कधीकधी कुरकुरतात, 'लोकांना कळेल'. कळावं म्हणूनच ती द्यायची असते.

विक्रेत्याचंच कर्ज त्या फ्लॅटवर चालू आहे. घेऊ का?

घेऊ शकता, फक्त पैशांचा रस्ता ठरवून घ्या. विक्रेत्याच्या बँकेकडून उरलेल्या कर्जाचं आणि ताब्यातल्या कागदांच्या यादीचं पत्र घ्यायचं. तुमच्या रकमेतला तेवढा हिस्सा थेट त्या कर्ज खात्यात भरायचा, विक्रेत्याच्या बचत खात्यात नाही, आणि करारात तसं स्पष्ट लिहायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तरीही मधले हे दिवस तुमच्या जोखमीचे असतात, म्हणून किमतीचा मोठा हिस्सा मूळ कागद हातात येईपर्यंत रोखून धरा.

साखळीतला एक जुना मूळ करार हरवला आहे म्हणतात.

पोलिसात हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात नोटीस, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत, विक्रेत्याचं प्रतिज्ञापत्र. एवढं झाल्यावर व्यवहार होतो. मात्र 'हरवलेला' करार कुठल्या तरी पतसंस्थेच्या तिजोरीत असू शकतो, त्यामुळे सर्च आणि नोटीस दोन्हीत कसूर नको.

मालक वारले आहेत. मुलगा नॉमिनी आहे, तो विकतोय.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा एवढंच नामनिर्देशनाने ठरतं. सहकार कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर नॉमिनीला तात्पुरता सभासद असंच म्हटलं आहे. मालकी वारसांची. सगळे कायदेशीर वारस दस्तात लिहून देणार म्हणून हवेत, किंवा बाकीच्यांनी विकणाऱ्याच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलेलं हवं. लग्न झालेल्या मुलींची नावं 'त्यांना काही नकोच आहे' म्हणून गाळलेली असतात. त्यांच्या सह्या नसतील तर दस्तावर सही करू नका. 'आमच्या घरात तसं काही नाही हो' हे वाक्य ऐकलं की वारस दाखला आणखी नीट वाचावा.

विक्रेता परदेशात आहे, भाऊ मुखत्यारपत्रावर सही करणार.

मुखत्यारपत्रात हाच फ्लॅट, विकण्याचा अधिकार, दस्त नोंदवण्याचा अधिकार आणि पैसे घेण्याचा अधिकार, हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. परदेशात केलेलं असेल तर वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीपुढे झालेलं, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांकित केलेलं हवं. लिहून देणारा हयात असेपर्यंतच ते चालतं, म्हणून नोंदणीच्या दिवशी विक्रेत्याशी व्हिडिओ कॉलवर बोलून घ्या. संकोच वाटेल, तरी बोला.

आणि 'खरेदीखत नको, मुखत्यारपत्रावरच घर तुमचं करून देतो' असा प्रस्ताव कुणी दिला तर तिथूनच निघा. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे.

विक्रेता अनिवासी असेल तर टीडीएसही (पैसे देतानाच कापायचा आयकर) वेगळा का?

हो, आणि फरक मोठा आहे. खाली टीडीएसच्या प्रश्नात येणारा १ टक्का त्यांना लागू होत नाही, ५० लाखांची मर्यादाही नाही. कापायची रक्कम बरीच जास्त असते. कमी कापायचं असेल तर तसं प्रमाणपत्र विक्रेत्याने आयकर खात्याकडून आणायचं. कमी कापलं तर वसुली तुमच्याकडून होते. इथे सीएशिवाय पाऊल टाकू नका.

सोसायटीची एनओसी लागतेच का?

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) विक्रीसाठी ना-हरकत दाखला आवश्यक नाही. कर्ज देणाऱ्या बँका तो मागतात, त्यामुळे तो सक्तीचा आहे असा समज पसरला. तुमच्याकडे बँक नाही. तरी विक्रेत्याला तो मागायला सांगा, कारण त्या निमित्ताने थकबाकी, गळतीचे वाद, बाल्कनी बंद केल्याची नोटीस, असं सगळं बाहेर येतं. देणी नसल्याचा दाखला मात्र घ्याच.

पार्किंगसुद्धा विकतोय म्हणाला.

उघडं किंवा स्टिल्टमधलं (इमारतीखाली खांबांमधलं) पार्किंग फ्लॅटसारखं स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात ठरलं आहे. जागा सोसायटी वाटते. ती जागा तुमच्याकडे राहील का, हे समितीला लेखी विचारा.

करारनामा, साठेखत, खरेदीखत: मला किती दस्त करावे लागतील?

साठेखत म्हणजे विकण्याचा करार, खरेदीखत म्हणजे विक्री. कर्ज घेणाऱ्याला बँकेकडून पैसे सुटेपर्यंत साठेखत लागतं. तुमचे पैसे तयार आहेत, तर थेट एकच खरेदीखत करता येतं. विक्रेत्याला घर रिकामं करायला दोन महिने हवे असतील किंवा त्याचं कर्ज फेडायचं असेल, तर आधी नोंदणीकृत साठेखत करा. महाराष्ट्रात बहुतेक वेळा पूर्ण मुद्रांक शुल्क साठेखतावरच भरलं जातं आणि नंतरचं खरेदीखत नाममात्र मुद्रांकावर होतं. नोटरी केलेल्या करारावर लाखो रुपये देऊन बसू नका, त्याने मालकी मिळत नाही.

घराच्या किमतीवर आणखी किती खर्च येईल?

मुंबईत मेट्रो अधिभारासह मुद्रांक शुल्क ६ टक्के, पुणे-नागपुरात ७ टक्के. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. सर्व खरेदीदार महिला असतील तर घरावरच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत. पती-पत्नी दोघांच्या नावे घेतलं तर मिळत नाही. १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही जुनी अट २०२३ मध्ये काढली आहे.

पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट धरू, रेकनर त्याच्या खाली. शुल्क ४,२०,००० आणि नोंदणी ३०,०००, एकूण साडेचार लाख. एकट्या पत्नीच्या नावे घेतला तर ३,९०,०००. ६० हजार वाचतात, पण केवळ तेवढ्यासाठी मालकी कुणाच्या नावे हे ठरवू नका. पैसे कुणाचे आणि उद्या वारस कोण, हे आधी पाहा. हे शुल्क ग्रास चलनाने, म्हणजे सरकारी भरणा संकेतस्थळावरून, ऑनलाइन भरता येतं.

टीडीएस मला का कापायचा? मी कंपनी थोडीच आहे?

व्यक्तीलाही लागू आहे. किंमत किंवा रेकनरचं मूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर, निवासी विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का कापून सरकारकडे भरायचा. वरच्या उदाहरणात ६० हजार कापायचे आणि विक्रेत्याला ५९,४०,००० द्यायचे. ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत आयकर पोर्टलवर भरायचा, लोक त्याला २६क्यूबी म्हणून ओळखतात. टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक) लागत नाही. उशिराला दिवसाला २०० रुपये. दोन खरेदीदार, दोन विक्रेते असतील तर प्रत्येक जोडीचा वेगळा, म्हणजे चार. आणि दोघांचे हिस्से ३०-३० लाखांचे असले तरी ५० लाखांची मर्यादा पूर्ण व्यवहाराला लावतात. विक्रेत्याचं पॅन चालू आहे ना, आधारशी जोडलं आहे ना, हे कापण्याआधी तपासा, नाहीतर दर २० टक्क्यांवर जातो.

कर्ज घेणाऱ्याला हे बँक आठवण करून देते. तुम्हाला नोटीस आल्यावर कळेल, म्हणून तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

नोंदणीच्या दिवशी काय होतं?

माहिती आधी ऑनलाइन भरलेली असते, वेळ घेतलेली असते. दोन्ही बाजूंचे लोक, मूळ आधार-पॅन, दोन ओळखदार साक्षीदार. टेबलावर छोटा कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र असतं. वयस्कर विक्रेत्यांचे ठसे उमटत नाहीत, मग हात पुसून पुन्हा, पुन्हा. वीस मिनिटांचं काम, पण रांगेमुळे अर्धा दिवस धरा.

सगळ्यात महत्त्वाचा क्षण मध्येच येऊन जातो. ऑपरेटर दस्ताच्या माहितीचा मसुदा दाखवून 'बघून घ्या' म्हणतो, आणि मागचे लोक घाई करत असतात. घाई करू नका. नाव, वडिलांचं नाव, फ्लॅट आणि मजला क्रमांक, चटईक्षेत्र, सर्व्हे नंबर, मोबदल्याची रक्कम बोट ठेवून वाचा. इंडेक्स टू याच माहितीतून छापली जाते. नंतर फ्लॅट ३०४ चा ४०३ झालेला दिसला तर चूक दुरुस्ती दस्त करायला विक्रेत्यालाही पुन्हा आणावं लागतं, आणि तोवर तो बंगळुरूला मुलाकडे गेलेला असतो.

सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर करायचा. पुढचे चार महिने दंडासह मिळू शकतात.

पैसे आधी की सही आधी?

दोन्ही एकाच खोलीत. डीडी तयार ठेवून त्याचा क्रमांक दस्तात लिहिणं हा जुना आणि अजूनही चांगला उपाय. आरटीजीएस करणार असाल तर आता ते दिवसरात्र चालतं, पण तुमच्या खात्याची दैनिक मर्यादा दोन दिवस आधी वाढवून घ्या. आधी दिलेल्या प्रत्येक रकमेची तारीख आणि यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक दस्तात आला पाहिजे. चाव्या आणि ताबापावती शेवटच्या हप्त्याबरोबर, वीज मीटरच्या रीडिंगसह.

मी मालक कधी होतो? शेअर सर्टिफिकेट मिळाल्यावर?

नोंदणीकृत खरेदीखताने. नोंदणी काही दिवसांनी झाली तरी परिणाम दस्तावर सह्या झाल्याच्या तारखेपासून धरला जातो. शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराचं बिल, सातबारावरचा फेरफार या नोंदी आहेत, मालकीचं मूळ नाही.

सोसायटी नाव लावायला लाखभर रुपये मागते.

हस्तांतरण शुल्क ५०० आणि प्रवेश शुल्क १०० रुपये. त्यावर प्रीमियम, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,०००. लहान नगरपालिका आणि ग्रामपंचायतींत मर्यादा याहून कमी. 'ऐच्छिक देणगी' ऐच्छिकच असते. अर्ज, नोंदणीकृत दस्ताची प्रत आणि मूळ शेअर सर्टिफिकेट देऊन पोच घ्या. पोच महत्त्वाची, कारण अर्जावर तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर तुम्ही सभासद झालात असं कायदा मानतो. नकार आला तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते. समिती बहुतेक वेळा दुष्ट नसते, तिला फक्त जुनी सवय असते. प्रीमियमची ही मर्यादा घालणाऱ्या २००१ च्या शासन निर्णयाची प्रत अर्जाला जोडलीत तर अनेकदा तिथेच मिटतं.

फ्लॅट नाही, रो हाऊस किंवा बंगला असेल तर?

सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर नाव लागलं पाहिजे. नोंदणीनंतर माहिती फेरफारासाठी ऑनलाइन जाते, संबंधितांना नोटीस निघते आणि १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. व्यवहाराआधी जमीन बिगरशेती आहे का, चतुःसीमा प्रत्यक्ष जागेशी जुळतात का, हे पाहा. शंका असेल तर मोजणी करून घ्या.

एवढी रक्कम एकदम गेली तर आयकर विभाग विचारेल का?

मोठ्या खरेदीची माहिती निबंधक कार्यालयाकडून तिकडे जातेच. विचारलं तर पैसे कुठून आले हे दाखवायचं: मोडलेल्या ठेवींच्या पावत्या, जुन्या घराच्या विक्रीचा दस्त, भविष्य निर्वाह निधीचं पत्र, वडिलांनी दिलेल्या रकमेचं बक्षीसपत्र. पैसे खात्यात येतानाचे कागद त्याच वेळी एका फाइलमध्ये लावले की झालं.

वीज आणि मालमत्ता कराचं काय?

दोन्हीकडे इंडेक्स टूची प्रत आणि अर्ज. वीज कंपनीकडे विक्रेत्याची सुरक्षा ठेव असते, ती तुमच्या नावे वळवायची की त्याला परत द्यायची, हे हिशेबात आधीच धरा. मालमत्ता कराची मागची थकबाकी मिळकतीवर चढते, माणसावर नाही. त्यामुळे ती शेवटच्या हप्त्यातूनच वळती करून घ्या.